आक्कांनी लावलेली मिश्री

ये गं, जवळ सरकून बस. मिश्री म्हटल्यावर लगेच नाक काय मुरडतेस? वाचता पुष्कळ तुम्ही पोरी, पण म्हातारीचं ऐकायचं म्हटलं की कुठली घाई सुटते कोण जाणे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांना चोळल्याशिवाय त्या सकाळी माणसांशी नाही की देवाशी नाही, कुणाशीच बोलत नसत. त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे मालक, गेले तेव्हा आक्का आधी दाराआड गेल्या, बोट फिरवून आल्या आणि मग जो हंबरडा फोडला तो अख्ख्या गल्लीनं ऐकला. मला राग कुठला यायला? त्यांच्या मागोमाग मीही दाराआड जाऊन आले होते.

मला लावली ती त्यांनीच. लग्न होऊन निपाणीत आले आणि त्यांच्याबरोबर बिड्या वळायला बसू लागले. दुपारपर्यंत पोटात आग पडायची, पण मांडीवरचं पानतंबाखूचं सूप टाकून उठायची सोय नव्हती. एक दिवस आक्कांनी वासराला औषध पाजावं तसं माझं तोंड उघडलं आणि स्वतःच्या बोटानं मिश्री लावली. "भूक मरती बघ." भूक मेली, पण गटाराशी बसून आतडी पिळवटेस्तोवर ओकले. बाया खिदळत होत्या. आक्का माझं कपाळ धरून म्हणाल्या, "आज वकतीस, आठ दिसांनी मागशील." आठ दिवस कसले, पाचव्याच दिवशी मी हात पुढं केला. केवढ्या कौतुकानं दिली! "आता खरी आमच्या घरची झालीस गं." माया होती ती, खोटं कशाला बोलू?

पुढं त्यांच्या गालातली जखम भरेना. बेळगावात अर्धा जबडा काढला. पंधरा दिवसांत उरलेल्या हिरडीवर बोट फिरवताना सापडल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जेवलं, नातवंड हसलं, की मेंदू आपल्याला थोडं सुख देतो. तंबाखू तेच सुख बसल्या जागी देते. रोज मिळालं की मेंदू बधिर होतो. मग नातवंड हसलं तरी काही वाटत नाही. मिश्री नसली की जीव कासावीस, आणि लावली की फक्त ती तगमग थांबते. सुख संपलेलंच असतं."

आक्का अर्ध्या तोंडानं म्हणाल्या, "मग जबडा कशाला काढलासा? डोस्कंच काढायचं हुतं की."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मी मात्र त्या दिवसापासून सोडली. सुनेवर उगाच खेकसायची, पण सोडली.

शेवटी आक्कांना पाणीही गिळवेना, तरी डबी मागायच्या. आता दिली काय नि न दिली काय, सारखंच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण डबी उघडली की माझंही बोट आत जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आक्का, मला जमायचं न्हाई."

"माझ्या हातची खाऊन जगलीस, नि मला एक बोट न्हाई? सटवे!"

माझ्याशी त्या एवढंच शेवटचं बोलल्या. त्यानंतर दोन दिवस तळमळत होत्या. त्यांना तसं ठेवून मी स्वतःला वाचवलं, दुसरं काय म्हणू?

शेजारी अजून रोज सकाळी तंबाखू भाजतात. मी खिडकी लावून घेते, तरी तोंडाला पाणी सुटतंच. त्या तासाभरात बोलायला कुणी असलं की निभतं. म्हणून म्हणते, पुन्हा लवकर ये गं, चार दिवस राहायलाच ये.