फळ्यावरची विनंती

"मला कशाची शिसारी येत नाही," असं लाँड्रीवाली मावशी नेहमी सांगायची, आणि ते खरंच होतं. सव्वीस वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती. रक्ताने कडक झालेल्या चादरी, ओकारीने माखलेले अभ्रे, सगळं ती कोपरापर्यंत हात घालून उपसायची, आधी गार पाण्यात, मग वाफाळत्या हौदात. आणि तिथेच कट्ट्यावर डबा उघडून निवांत जेवायची.

अशा बाईला पन्नाशी उलटल्यावर वाटलं, लहानपणी राहून गेलेला दृढीकरणाचा विधी, बाप्तिस्म्यानंतर आपल्या तोंडाने श्रद्धा कबूल करण्याचा, आता उरकून घ्यावा. त्यासाठी चर्चच्या मागच्या खोलीत दर रविवारी भरणारा मोठ्या माणसांचा बायबलवर्ग बारा आठवडे करावा लागे. निवृत्त गुरुजी शिकवत. खुर्च्या मुलांच्या, बुटक्या. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसत. मावशी ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायची आणि ओळ संपली की, डोंगर चढून आल्यासारखी हसायची.

वर्ग संपताना विनंत्या व्हायच्या. प्रत्येकाने आपली एक सांगायची, गुरुजी ती फळ्यावर लिहायचे, मग सगळे मिळून प्रार्थना. "इथलं इथेच राहील," हे गुरुजी दर वेळी बजावत. कुणाचा गुडघा दुखायचा, कुणाच्या लेकीचं लग्न अडलेलं असायचं. मावशी दहा रविवार गप्प राहिली.

अकराव्या रविवारी गुरुजी म्हणाले, "मावशी, देवापुढेही तोंडाला कुलूप?"

आणि बाई विरघळली. मुलगा सुतार आहे. दारूपायी कामं गेली. आता पाच महिने थेंब घेतलेला नाही. एक तारखेपासून शाळेत बाकं दुरुस्तीचं कायमचं काम मिळतंय, तेवढं टिकू दे. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं. शेजारच्या खुर्चीतल्या कारकूनबाईंनी तर मावशीचा हात हातात घेऊन डोळे टिपले.

गुरुवारी शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला: तूर्त येऊ नका. कारणही त्याच्या तोंडून निसटलं: दारू.

"मीच बोलले रे," मावशीने मुलाला सांगितलं.

त्याने रंधा खाली ठेवला. "मला विचारायचं तरी, आई." एवढंच. तो प्यायला नाही, पण तेव्हापासून तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

बाराव्या रविवारी मावशी वर्गात बसलीच नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "शाळेत कुणी सांगितलं?"

"अहो, वाईट हेतूने नाही हं," कारकूनबाई बिस्कीट चहात बुडवत म्हणाल्या. "मी फक्त जाऊबाईंना प्रार्थना करायला सांगितलं. एकटीच्या प्रार्थनेत जोर तो कितीसा?"

"आणि जाऊबाईंनी?"

"भाऊजींना. ते शाळेच्या कमिटीवर आहेत. पण मनाने फार चांगले हो!"

"म्हणजे माझी प्रार्थना देवाकडे जाताना कमिटीवरून गेली."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कारकूनबाईंच्या ओठाला बिस्किटाचा ओला लगदा चिकटला होता आणि त्या गोड हसत होत्या. मावशीला आयुष्यात पहिल्यांदा शिसारी आली.

"क्षमा करायला शिकायचं म्हणून तर आपण जमतो," गुरुजी म्हणाले. त्यांनी वळून फळ्यावर लिहिलं: मावशींचा राग शांत व्हावा. वरच्या अंगाला मागच्या रविवारची ओळ तशीच होती, मुलाच्या दारूची. आठवडाभर कुणीही यावं आणि वाचावं! सगळ्यांनी डोळे मिटले, आपापल्या चांगुलपणाची ऊब घेत.

मावशीने कोपऱ्यातली बादली उचलली, फडकं भिजवलं आणि फळा धुतला, वरपासून खालपर्यंत, चारी कोपऱ्यांसकट. पांढरं पाणी गुरुजींच्या बुटांपर्यंत ओघळलं.

"अहो, पुढच्या रविवारी दृढीकरण तुमचं!" गुरुजी म्हणाले. "पाळकसाहेबांकडे नाव दिलंय."

"काढून टाका. देवाशी बोलायचं ते माझी मी बोलेन."

ती बाहेर पडली, पण घराच्या वाटेला लागली नाही. सकाळी तिने मुलाला विचारलं होतं, "मुख्याध्यापिकांच्या घरी जाऊन बोलू का? तू म्हणशील तरच." त्याने नुसती मान डोलावली होती. त्या होकारावर ती निघाली होती, ओले हात झटकत, रस्त्याच्या मधोमध.

खिडकीत गुरुजी उभे होते, खडू हातात तसाच. त्यांच्या खांद्यावरून कारकूनबाई टाचा उंचावून बघत होत्या.

"कुणाकडे चालल्या असतील हो?" त्या कुजबुजल्या, आणि मावशी वळणापलीकडे जाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.