पहिली वाटी

दार उघडण्याआधी सूपची पहिली वाटी स्वयंपाक करणाऱ्या उस्तादाने उभ्याउभ्या प्यायची. मालकाने त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. उस्तादाने मान हलवली की मग दारावरची पाटी फिरवायची. चौकातल्या त्या सूप-सँडविचच्या दुकानाची ही रीत मालकाच्या वडिलांपासूनची. आजूबाजूला झगमगीत बर्गरवाले आले, एकाला झाका नि दुसऱ्याला काढा, तरी लोक इथेच यायचे. उस्ताद म्हणायचा, “तिथे यंत्र शिट्टी मारतं, झालं म्हणून. इथे मी सांगतो.”

मग त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला.

येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. उस्ताद वाट बघत राहिला आणि रोज सकाळी मान हलवत राहिला. कांदा रंगावरून, मीठ चमच्यावरून, उकळी आवाजावरून. हाताला सवय होती, निभावून गेलं. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

“सांगून टाका मालकांना,” ती म्हणायची.

“आणि मग काय करू? टेबलं पुसू?”

“पुसा की. घरी कधी फडक्याला हात लावला नाहीत, तिथे तरी शिकाल.”

तो हसायचा. ती हसायची नाही.

मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबाच्या सूपच्या तिने वर्गात इतक्या बढाया मारल्या होत्या, की मैत्रिणींनी शेवटी तिला धरलं. चल, चाखव तरी. सुट्टीच्या दिवशी दोघींना घेऊन ती दुकान उघडायलाच हजर झाली.

आदल्या रात्री वीज गेली होती. सकाळपर्यंत ती आली, फ्रिज पुन्हा थंड झाला, पण आतलं क्रीम नासलं ते नासलंच. डबा उघडताच दुसऱ्या कोणीही नाक मुरडलं असतं. उस्तादाने तो पातेल्यात रिकामा केला. सूप जरा दाट झालं, त्याला बरंच वाटलं. मिरपूड भुरभुरली. वाटी भरून तळ दिसेपर्यंत प्यायला आणि मान हलवली. काउंटरवर कॉफीच्या वासात बसलेल्या मालकाने उठून पाटी फिरवली.

उस्ताद स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभा राहिला. अॅप्रनला हात पुसले. मैत्रिणींनी एकेक चमचा घेतला आणि एकमेकींकडे बघितलं. मुलीनेही घेतला. क्षणभर ती थांबली. मग तिने खिडकीकडे बघितलं.

“बाबा, मस्त!”

आणि ती खात सुटली. स्वतःची वाटी संपवली. “तुम्हाला नकोय? द्या इकडे,” म्हणत मैत्रिणींच्या वाट्याही पुढ्यात ओढल्या.

“अगं, हावरट!” उस्ताद खिडकीतून ओरडला. “आणखी आणू?”

“आण ना.”

त्याचा ऊर भरून आला होता. तो वाढायला वळला, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाने चमचा आपटला. मालकाने येऊन त्याच्या वाटीत बोट बुडवलं, तोंडात घातलं आणि रुमालात थुंकला.

मालक स्वयंपाकघरात आला. आवाज चढवला नाही.

“उस्ताद, सकाळी अख्खी वाटी प्यायलात ना तुम्ही? मी बघत होतो.”

उस्तादाने हातातली वाटी खाली ठेवली.

“कळलं नाही, की सांगितलं नाहीत?”

“कळलं नाही. तापापासून कळतच नाही.”

“म्हणजे रोज नुसतीच मान?”

मालकाने पातेलं उचललं आणि स्वतःच मोरीत ओतलं. “वडील असते तर त्यांनी तुम्हाला घरी पाठवलं असतं,” तो पाठमोराच म्हणाला. “उद्यापासून बाहेर टेबलांवर या. चुलीपाशी नको.” मग जाऊन त्याने पाटी परत फिरवली.

उस्तादाने अॅप्रन खुंटीला अडकवला. बाहेर तिघींचं टेबल रिकामं होतं. तिन्ही वाट्या चाटूनपुसून साफ.

घरी पोरगी बेसिनवर वाकली होती. बायको तिची पाठ चोळत होती. उस्ताद दारात थांबला. कशामुळे, ते त्याला विचारावं लागलं नाही.

“पहिल्या चमच्यालाच कळलं होतं ना तुला?”

मुलीने चूळ भरली. तोंड पुसलं.

“मस्तच झालं होतं, बाबा.”

बायकोने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने मान हलवली.