मेघना काही मरेना

लालबागच्या आमच्या चाळीत मेघना परबला जाडी म्हटलेलं चालतं, 'हेल्दी' म्हटलेलं चालत नाही. "हेल्दी म्हणजे काय? मी काय बिस्किट आहे?" परळला दातांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसते आणि घाबरलेल्या पेशंटना भुतांच्या अशा गोष्टी सांगते, की आत जाणं त्यांना सोपं वाटतं. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं. एके दिवशी गॅलरीत उभी राहून तिने जाहीर केलं, "आजपासून मी मेघना." चाळ थोडे दिवस कुजबुजली. मग समोरच्या सुंदराबाईंनी बारशाच्या घुगऱ्या घरोघर वाटल्या. त्या खाल्ल्यावर कुजबुजायला तोंड कुणाला राहणार!

यंदा चाळीच्या गणपतीतलं नाटक तिने लिहिलं. समुद्र लालबागपर्यंत चढलाय, मुंबई संपलीय आणि मेलेली माणसं पाण्यातून उठून जिवंतांना खातायत. उरलेत तिघं. रखमा नावाची जाडी ट्रान्स बाई, तिची लाडकी अंबिका आणि एक हिरो. रखमा आणि अंबिका शेवटपर्यंत जगतात. रखमाचं काम मेघनाच करणार, अंबिका म्हणजे तळमजल्यावरची रुपाली, हिरो सुशांत. आम्ही तिघे मुडदे.

"इतकी वर्षं असल्या गोष्टी वाचतेय," मेघना म्हणायची. "आमच्यासारखी एक तरी शेवटच्या पानापर्यंत पोचू दे की रे!"

पण दिग्दर्शक वरदने शेवट कापला. त्याने असले पिक्चर फार पाहिलेत.

"हॉररला शिस्त असते, मेघना. जाडं माणूस पहिलं मरतं, कारण त्याला पळता येत नाही. आणि ट्रान्स पात्र हिरोला वाचवताना मरतं, म्हणजे पब्लिक रडतं."

"मी दोन्ही आहे. दोनदा मरू?"

"एकदाच मर, पण मनापासून मर."

दिवे, माईक, पडदा सगळं वरदच्या ताब्यात. मेघनाने मरण पत्करलं, फक्त मरताना एक गाणं मागून घेतलं. वरदने मोठ्या मनाने दिलं.

प्रयोगाला चौक भरला होता. आम्ही मुडद्यांनी मेघनाला घेरलं आणि तिने आवाज लावला, "समुद्रा, आता तरी घरी जा..." गाणं संपलं, आम्ही चावलो, ती कोसळली. सुशांतने रडायला तोंड उघडलं, तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुंदराबाई कडाडल्या, "वन्स मोर!"

मेघनाने एक डोळा उघडून विंगेकडे पाहिलं. वरद जोरजोरात नाही म्हणत होता.

"आमच्या टायमाला मेलेला राजापण वन्स मोरला उठायचा!" सुंदराबाईंनी त्याला ऐकवलं.

"आणि मेलेले उठतात, असंच नाटक आहे ना रे?" गॅलरीतून शेजारचा दत्ताराम ओरडला. झालं! सगळा चौक टाळ्या पिटू लागला.

मेघना उठली, साडी झटकली, गायली. आम्ही पुन्हा चावलो. ती पुन्हा पडली. वन्स मोर! पुढच्या खेपेला माझा विग डोळ्यांवर आला, दुसऱ्या मुडद्याला धाप लागली. मेघना मात्र टवटवीत.

"तुम्ही जरा बसून घ्या हां," ती आम्हाला म्हणाली. आम्ही बसलो.

"मग मी रडू कधी?" सुशांतने कुजबुजत विचारलं.

"नकोच आता," रुपाली म्हणाली, आणि मेघनाचा हात धरून वरदने कापलेला शेवटचा प्रवेश तिने सरळ सुरू केला. वरदचा हात दिव्याच्या बटणावर गेला होता. बटण न दाबताच तो खाली आला.

पाणी ओसरलंय. दोघी गच्चीवर बसल्यात. रखमाला म्हणायचं आहे, "अंबिका, मला भूक लागलीय." या वाक्याची मेघनाला मुडद्यांपेक्षा जास्त भीती. स्टेजवर जाडं माणूस भूक लागली म्हणालं की हशा ठरलेलाच. तरी ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. पोरंसुद्धा नाहीत.

रुपाली खोटी भाकरी मोडायला वळली, तर सुंदराबाई खुर्चीतून उठलेल्या.

"थांब गो बाय. माज्याकडे आंबोळ्यो आसत."

आणि खरंच जिना चढायला लागल्या. पडदा पाडायचं कुणाला सुचलं नाही. त्या खाली येईपर्यंत दोघी गच्चीवर हातात हात घालून बसून राहिल्या. चौक थांबला, आणि आम्ही मुडदेही.