म्यूट गुरुजी

टीव्हीचा आवाज वाढवा म्हणणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले. टीव्ही लावल्या लावल्या त्याचा आवाज बंद करणारे मात्र एकच. इंग्रजीच्या तासाला गुरुजी आपला फोन भिंतीवरच्या टीव्हीला जोडत, दोन मिनिटांचा एखादा परदेशी व्हिडिओ लावत आणि रिमोटवरचं म्यूटचं बटण दाबत. मग खुर्ची सोडून पोरांच्यात खाली सतरंजीवर बसत आणि म्हणत, "हां. आता ह्यांना बोलतं करा." पोरांनी त्यांचं नाव म्यूट गुरुजी ठेवलं. राहायला ते तेरखेड्याला, म्हणजे जिथं फटाके बनतात तिथं. हा विनोद त्यांना सगळ्यांनी एकेकदा ऐकवून झाला होता आणि ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसत.

आमची शाळा येडशी आणि तेरखेड्याच्या मधल्या एका वाडीवरची, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. तिच्या भिंतीवर 'डिजिटल शाळा' ही अक्षरं टीव्हीच्या दीड वर्ष आधी आली. टीव्ही लोकवर्गणीतून आला. उद्घाटनाच्या दिवशी वीज नव्हती, त्यामुळे पाहुण्यांनी बंद टीव्हीला हार घालून ज्ञानाच्या प्रकाशावर भाषण केलं. पुढे तो टीव्ही कापडाखाली झाकून ठेवण्यात आला. ते कापड काढलं गुरुजींनी.

त्या तासाला मी कधी कधी दारात उभा राहायचो. मी इतिहास-भूगोल शिकवत असे. पण माझं एम.ए. इंग्रजी घेऊन झालेलं आहे, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. एकदा पडद्यावर एक परदेशी माणूस खिडकीत बसलेल्या म्हातारीला चहा देत होता आणि ती काही त्याच्याकडे बघत नव्हती. सहावीतली रूपाली म्हातारी झाली आणि तिच्या शेजारचा पोरगा तो माणूस झाला.

"टेक टी, आत्या."

"नो! यू पुट लेस शुगर."

"सॉरी आत्या. शुगर इज फिनिश. रेशन कम मंडे."

वर्ग हसून लोळला. गुरुजींनी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मला राहवलं नाही. "गुरुजी, 'शुगर इज फिनिश' असं नाही हो म्हणत."

"म्हणत नसतील," गुरुजी म्हणाले. "पण आत्याला कळलं का न्हाय?"

एम.ए.च्या पेपरात हा प्रश्न कधी आला नव्हता.

इंटरनेटवर जे जे फुकट मिळतं त्याचा गुरुजींइतका अभ्यास तालुक्यात कुणाचा नसेल. एका साइटवर रिकाम्या फुग्यांची चित्रं मिळत. पोरं त्या फुग्यांत संवाद भरत. दुसरीवर पोरांचे आवाज भरून ते व्हिडिओला जोडता येत. फुकटात काम केल्याबद्दल ती साइट पडद्याच्या मधोमध आपलं नाव छापायची, नेमकं नायकाच्या तोंडावर. पोरं त्याला 'ग्रामपंचायतीचा शिक्का' म्हणत. पंधरा दिवसांची फुकट मुदत संपली की गुरुजी दुसरी साइट शोधत. मी एकदा म्हटलं, वर्गणी काढून चांगलं काहीतरी विकत घेऊ. ते म्हणाले, "नगं सर. फुकटचं असलं म्हंजी पोरगं घरी बापाच्या फोनवर करतं. इकतचं आणलं की ते शाळेतच कुलपात ऱ्हातं." कापडाखालच्या टीव्हीचा इतिहास मला ठाऊक होता.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. गुरुजी स्वतः कधीच इंग्रजी बोलत नसत. वाचायचे, सुबक अक्षरात लिहायचे, पण तोंडानं एक वाक्य नाही. पोरं बोलत आणि ते ऐकत. ऐकताना त्यांचा चेहरा पंगतीत शेवटी जेवायला बसलेल्या माणसासारखा तृप्त दिसे.

रविवारी ते येडशी स्टेशनवर जात. "तिथं रेंज लई चांगली," असं सांगत. तेरखेडा हमरस्त्यावर आहे, तिथं रेंज नाही हे मला पटेना. एका रविवारी मी लातूरच्या गाडीसाठी स्टेशनवर गेलो तर गुरुजी अगदी टोकाच्या बाकावर बसलेले. फोन खिशात. लांब उभ्या असलेल्या एका कुटुंबाकडे पाहत होते. तिकडचं बोलणं इथं ऐकू येत नव्हतं.

"काय चाललंय त्यांचं?" मी विचारलं.

"सुनंला पाठवायलेत माहेरी. सासू म्हणती, चार दिसांत ये. सून म्हणती, व्हय. पण ती धा दिवस काय यायची न्हाय."

"ऐकू आलं तुम्हाला?"

"न्हाय हो. सवय." मग ते म्हणाले, "आमची मंडळी दोन वर्षं अंथरुणावर होती. आवाज सहन व्हायचा न्हाय तिला. मग टीव्ही म्यूट करून बघायचो दोघं. बाईचं ती बोलायची, गड्याचं मी. हळूच. त्या शिरेलीत काय चाललं होतं ते शेवटपर्यंत कळलं न्हाय आम्हाला, पण आमची चांगली होती."

त्यांची मंडळी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगी विजापूरकडे दिलेली. माझी गाडी आली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की शनिवारी शाळा सुटल्यापासून गुरुजी बहुधा माझ्याशीच पहिल्यांदा बोलले असावेत. सोमवारपर्यंत पुन्हा कुणाशी नाही. तो इंग्रजीचा तास पोरांसाठी होता, तसाच त्यांच्यासाठीही. चाळीस मिनिटं त्यांच्या भोवती माणसं बोलत.

तो तास त्यांच्या हातून गेला तो तालुक्याच्या गावी, वाशीला. तालुक्याची शिक्षण परिषद होती आणि 'नावीन्यपूर्ण उपक्रम' म्हणून गुरुजींचा नमुना पाठ ठेवला होता. सत्काराला सव्वा तास लागला, पाठाला दहा मिनिटं उरली. तरी आमची सहा पोरं अशी बोलली की मागच्या रांगेतले शिक्षकसुद्धा फोनमधून वर बघू लागले. गटशिक्षणाधिकारी साहेब खूश झाले. खूश झालेले साहेब माईक सोडत नाहीत.

"वा! आता गुरुजी, तुम्ही दोन मिनिटं इंग्रजीतून तुमची पद्धत सांगा बरं."

गुरुजी उभे राहिले. माईक हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि सरळ म्हणाले, "मला बोलता येत न्हाय, साहेब. पोरांना येतं. त्येंच्या जिवावर चाललंय."

सभागृहात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. "मग शिकवता कसं?"

ह्याचं उत्तर साहेबांनी नुकतंच दहा मिनिटं पाहिलं होतं, हे मी सांगू शकलो असतो. पण माझ्या हातात आभारप्रदर्शनाचा कागद होता. मी उठलो आणि अस्खलित इंग्रजीत आभार मानले. टाळ्या पडल्या. साहेबांनी माझं शिक्षण विचारलं. या वेळी मला आपण होऊन सांगावं लागलं नाही.

पुढच्या सोमवारी साहेबांच्या सांगण्यावरून वेळापत्रक बदललं. इंग्रजी माझ्याकडे आलं, गुरुजींकडे तिसरीचं गणित. मी म्हणालो, "गुरुजी, हे काही मी मागितलेलं नाही." ते म्हणाले, "मला माहीत हाय सर. तुम्ही चांगलंच शिकवाल." ते खरोखर तसंच म्हणाले. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी चांगलंच शिकवलं. आवाज लावून व्हिडिओ दाखवले, उच्चार घोटून घेतले, चुका तिथल्या तिथं सुधारल्या. महिन्याभरात वर्ग इतका शिस्तीचा झाला की प्रश्न विचारला की पंख्याची घरघर ऐकू येई. रूपालीला एकदा उभं केलं. ती म्हणाली, "सर, आधी मनात बरोबर करायलेय." ती मनातच बरोबर करत राहिली आणि घंटा झाली. मधल्या भिंतीपलीकडून गुरुजींचा पाढे म्हणून घेण्याचा आवाज यायचा. माझ्या वर्गाचा आवाज त्यांना जात नसणार. जाण्यासारखं काही नव्हतंच. गुरुजी, इंग्रजी तुम्ही परत घ्या, मी साहेबांशी बोलतो, एवढं म्हणायला मला मधल्या सुट्टीचा वेळ पुरला असता. वर्षभर मधली सुट्टी रोज होत होती.

मग गुरुजी निवृत्त झाले. निरोपाला मंडप, शाल, फेटा, सगळं रीतसर. मी पंचवीस मिनिटं बोललो. माझ्या भाषणात 'ज्ञानयज्ञ' हा शब्द दोनदा आला. ज्या शब्दाला मी आयुष्यभर हसलो, तोच वापरायची वेळ माझ्यावर आली. शेवटी गुरुजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले. फेटा जरा मोठा होत होता. समोर बसलेल्या पोरांकडे बघून ते इंग्रजीत बोलले. पहिल्यांदाच.

"माय होम इज बिग. नोबडी टॉक. यू कम, प्लीज."

पाहुणे हसले. गुरुजींनी गंमत केली असं वाटून टाळ्या झाल्या, त्यांत माझ्याही होत्या. पोरं हसली नाहीत. खाली बसलेली रूपाली, आता सातवीतली, तिथूनच ओरडली, "व्हॉट टाइम, गुरुजी?"

"एनी टाइम," गुरुजी म्हणाले आणि बसले.

पुढच्याच रविवारी पाच पोरं एसटीनं तेरखेड्याला गेली. सोमवारी मी रूपालीला विचारलं, "काय केलं तिथं?"

"बोललो."

"काय बोललात?"

"लई," ती म्हणाली आणि पळाली.

पोरं अजून जातात. आता हायस्कुलातली मोठी झालेलीही जातात. बोलावणं सगळ्यांनाच होतं, म्हणजे मलाही होतं. वाडीपासून तेरखेडा मोटारसायकलवर वीस मिनिटं. एकदा मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो आणि पेट्रोल भरून परत आलो. मला इंग्रजी चांगलं येतं, मराठीही बरं येतं. पण त्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते अजून जुळत नाही.