वीसपैकी शून्य

चंदना चौगुले नलवडे सरांच्या नजरेत पहिल्यांदा आली ती तिच्या शून्यामुळे. सांगलीजवळच्या त्यांच्या शाळेत आठवीसाठी हुशार मुलांची 'अ' तुकडी निवडायची होती. चाचणीत चूक की बरोबर असे वीस प्रश्न होते आणि चंदनाचे वीसही चुकले होते.

पेपर बाजूला ठेवता ठेवता सर थबकले. डोळे मिटून खुणा केल्या तरी दहाएक उत्तरं बरोबर यायची! कॉलेजात शिकलेलं द्विपद वितरण त्यांनी कागदावर मांडलं. नुसत्या अंदाजानं वीसच्या वीस चुकण्याची शक्यता दहा लाखांत एक निघाली. म्हणजे पोरीला सगळं येत होतं.

"चंदना, मुद्दाम चुकलीस?"

"व्हय, सर."

"अगं, पण का?"

"समता 'ब'मधी जाणार. तुमी बोलता ते तिला ऐकू येत न्हाई. मी शेजारी बसून सांगते."

समता तिची जुळी बहीण. वर्षभर सर तिला 'लक्ष कुठंय?' म्हणून बाकावर उभं करत आले होते. त्यांनी चंदनाच्या पेपरावरचं शून्य खोडलं.

समताच्या कानाला आता यंत्र आहे. चंदना आठवी 'अ'मध्ये शिकते.