दाराजवळचा पंचम

माझ्या बायकोच्या तळपायांना फोड आले ते डबा बिघडल्यामुळे, असं मी मुलाला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या मित्राने सोल्डरिंग कच्चं केलं होतं, असंही वर जोडलं. दोन्ही खोटं. डबा त्या दिवशीही चालू होता आणि आजही चालू आहे.

डबा म्हणजे जुना मिडी इंटरफेस. अंधेरीच्या ज्या रेकॉर्डिंग स्टुडिओत मी मशीनं दुरुस्त करायचो, तो बंद झाला तेव्हा भंगारात निघालेला हा डबा आणि एक मोडका कीबोर्ड मी घाटकोपरला घरी आणला. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, नुसता निरोप जातो: ही पट्टी दाबली, ही सोडली. आवाज काढायचं काम पलीकडच्या कॉम्प्युटरचं. निरोप आला की डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतो, एवढंच.

बायको गाणं शिकवायची. आता तिला बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत, आणि मधूनच बाहेर निघायची ओढ लागते. आतून कुलूप लावलं की ती दार बडवायची, "मला कोंडलंय हो," म्हणून शेजाऱ्यांना हाका मारायची. कुलूप काढलं की मला आंघोळीला जायची भीती. अंगावर पाणी घेता घेता नळ बंद करून मी कानोसा घ्यायचो. तिच्या चपला माळ्यावर लपवून ठेवल्या. अनवाणी ती कुठे जाणार, असा माझा हिशेब.

मग डबा आठवला. तो घरच्या कॉम्प्युटरला आणि स्पीकरला जोडायचा. कीबोर्डच्या तीन पट्ट्यांच्या तारा लांबवून तीन पायपुसण्यांखाली न्यायच्या. पायपुसण्याखाली फॉइलचे दोन कागद, मध्ये भोकं पाडलेला स्पंज. पाय पडला की कागद एकमेकांना टेकतात आणि पट्टी दाबल्याचा निरोप जातो. पाय उचलेपर्यंत सूर वाजत राहतो. पलंगाशी सा, मोरीशी ग, दाराशी प. माझे हात थरथरतात, म्हणून मित्र वर आला. आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेला मालवणी माणूस.

"मेल्या, बोटां भाजून घेशीत. दी हय," म्हणत त्याने सोल्डर गन माझ्या हातातून काढून घेतली.

घरात सूर वाजू लागले. सा ऐकला की मी कान टवकारायचो, ग ऐकला की सुस्कारा टाकायचो. प वाजला की हातातलं असेल ते टाकून धावायचो. कुकरची शिट्टी, खालच्या गाडीचा हॉर्न, सगळ्यांत मला पंचम ऐकू यायला लागला.

आठवडाभरात तिला खेळ कळला.

"अहो, तुमच्या पायपुसण्याचा ग चढलाय."

"कीबोर्डचा ग तसाच असतो गं."

"मग कशाला आणलात?"

पण ती त्यावरून फिरायची. सा, ग, प. प, ग, सा. प वाजला की मी धापा टाकत दाराशी, आणि ती तिथे उभी राहून हसायची. "काय धावता हो! कोणी आलंय का?"

त्या दुपारी मी असा चार-पाचदा धावलो. गुडघे बोलत होते. शेवटी स्पीकरची तार उपटली आणि डब्यासमोर पेपर घेऊन बसलो. दिवा लुकलुकत होता, म्हणजे ती फिरत होती. मग दिवा थांबला. थांबलेला मी पाहिला, डोळ्यांनी पाहिला. आडवी झाली असेल, असं वाटलं. बरं वाटलं. मी पान उलटलं.

उठलो तेव्हा दार उघडं होतं.

गेटवर वॉचमन नव्हता. गल्लीत टळटळीत ऊन. मेट्रोच्या जिन्याखाली पाहिलं, देवळात पाहिलं. रुळांच्या बाजूला जायला पाय उचलत नव्हते. तिकडे गर्दी जमलेली दिसली तर काय, याच विचाराने मी मागे फिरलो. मागे फिरलो, हेही लिहून ठेवतो.

आमच्या मासेवालीने तिला रिक्षातून घरी आणलं. मंडईत टोपलीशेजारी बसवून पाणी पाजलं होतं.

"ओ काका, बाईला असं अनवाणी सोडतात काय? डांबर पेटलंय नुसतं!"

चपला माळ्यावर होत्या.

संध्याकाळी मालाडहून मुलगा आला. आईचे पाय पाहून त्याने विचारलं, "बाबा, अलार्म वाजला नाही?" मित्र शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "टाका सुटला असेल. डबा जुना, त्यात सोल्डरिंग कच्चं."

मित्र खाली जाऊन मल्टीमीटर घेऊन आला. तोवर मी डब्याचा प्लग काढून सगळं पलंगाखाली सरकवलं होतं. "आता राहू दे," म्हणालो.

"माझो टाको सुटना नाय," एवढंच बोलून तो गेला. नंतर लिफ्टमध्ये भेटला की आकड्यांकडे बघत राहायचा.

पाय बरे झाले तशी ती पुन्हा फिरू लागली. मी डबा पुन्हा जोडला, स्पीकरसकट. सूर वाजले नाहीत तर मला जास्त भीती वाटते. उठून बघून येतो. मुलगा म्हणतो, "तो बिघडलेला डबा फेका ना आता." त्याला हे सांगायचं अजून धाडस झालेलं नाही, म्हणून त्याच्यासाठी लिहितोय. तो आईला माझ्याकडून नेईल, ही भीती आहेच. नेली तर त्याचं चुकणार नाही.

मित्राला मात्र काल खाली जाऊन खरं सांगितलं. तो मल्टीमीटरच्या तारा गुंडाळत राहिला. मीच उठून आलो.

आज सकाळी कणीक मळत होतो आणि पंचम वाजला. पिठाचे हात घेऊन धावलो. दार उघडं, पायपुसण्यावर मित्र उभा. चपला बाहेर काढून, दोन्ही पाय नीट जोडून. सूर थांबत नव्हता.

"वाजता मां?" त्याने विचारलं.

मी पिठाचे हात लेंग्याला पुसत राहिलो.

आतून बायकोचा आवाज आला, "कोण उभं आहे हो पंचमावर? उतरायला सांगा त्यांना."