माझ्या अंगात कुणी येत नाही

"मावशी, केस मोकळे सोडा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यात असतंच ना हे, अंगात येणं. तसंच समजा. घाबरू नका."

हिरवळीवर वेताच्या खुर्च्या अर्धगोल मांडल्या होत्या. खुर्च्यांत पुण्याच्या बायका. सगळ्या माझ्याच वयाच्या, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. मधे एक पाट आणि पाटावर मी. माझ्या पाठीमागे भाटघर धरणाचं पाणी. मला मुद्दामच तसं बसवलं होतं, मोबाईलमध्ये छान दिसावं म्हणून. एक बाई ताटलीत ओलं कुंकू घेऊन आली. तिनं मला विचारलं नाही. पाची बोटं भरून माझ्या कपाळावर मळवट फासला, पार भांगापर्यंत. मग कागदी रुमालाला बोटं पुसली आणि तो रुमाल माझ्याच मांडीशेजारी पाटावर ठेवून दिला.

मी तिथं उपचाराला बसले होते. हे आधी सांगते, कारण नंतर त्या बायकांनी वेगळं सांगितलं असेल.

वर्षभर माझ्या अंगातून वाफा निघत होत्या. छातीतून उठायची, मानेवर चढायची, कान तापायचे, टाळू तापायची. पोलकं भिजून पाठीला चिकटायचं. मग तीच पाठ गार पडून हुडहुडी भरायची. झोप नाही. कुणी साधं बोललं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. पाळी जायला लागली की असं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. भोरला दवाखान्यात गेले. डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, वय झालं, आता हे चालायचंच. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. घरी जावेला विचारलं, तर म्हणाली मलाही झालं होतं, पण असलं बोलायचं नसतं. म्हणजे तिनंही एकटीनंच सोसलं.

आणि माझं काम चुलीपुढचं. धरणाच्या कडेला ह्या पुण्याच्या मॅडमचा बंगला आहे, तिथं मी स्वयंपाकाला होते. घरात चांगला गॅस. पण पाहुण्यांना चुलीवरची भाकरी लागते, आणि ती थापताना बघायलाही लागते. म्हणून बाहेर छपरी बांधलेली, कुडाची, शेणानं सारवलेली. सारवायचं मी. त्या छपरीत मी भाकऱ्या थापायच्या आणि त्यांनी समोर उभं राहून, किती छान, म्हणायचं. चुलीचा जाळ पुढून आणि वाफ आतून. एकदा नाकावरून घाम ओघळला. एक पाहुणी ओरडली, ई, पिठात पडला. पडला नव्हता. पण मॅडमनी मला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं, की असं झालं की उठून मागे जात जा, पाहुण्यांसमोर नको. मागे म्हणजे कचऱ्याचे डबे ठेवतात तिथं.

आता ह्या पाहुण्या कशासाठी आलेल्या? त्यांना वाफा येत होत्या म्हणून. ह्या मॅडम पाळी जाणाऱ्या बायकांची शिबिरं घ्यायच्या. संमोहनानं वाफा कमी करायला शिकवायच्या. एखादीला वाफ आली की चौघी धावायच्या. पंखा, उशी, वाळ्याच्या पाण्यात भिजवलेले गार रुमाल. ते रुमाल मी भिजवायची. तोच घाम. त्यांचा पुसायचा आणि माझा लपवायचा. मी ते वाळ्याचं पाणी गाळताना मनात शिव्या घालायची. तोंडानं नाही. घरात कामाची गरज होती.

मागे डब्यांपाशी उभी राहिले की वर हॉलची खिडकी होती. त्या खिडकीतून मॅडमचा आवाज यायचा. नजर एका जागी लावा. श्वास सावकाश सोडा. पापण्या जड होतायत. आता एखादी गार जागा आठवा, तुमची स्वतःची. तिथं जाऊन उभ्या राहा. तो गारवा पायांपासून वर येऊ द्या. सुरुवातीला मला हसू यायचं. म्हटलं, ह्या शिकल्यासवरल्या बायका, आणि हे काय खूळ.

मग एकदा वाफ फारच जोरात आली. चक्कर यायला लागली. डब्यांचा वास, माश्या, आणि वरून तो आवाज. मी भिंतीला टेकले आणि सांगत होत्या तसं केलं. गार जागा म्हणजे मला एकच ठाऊक. लहानपणी आईबरोबर वाकळा धुवायला धरणावर जायचो. गुडघाभर पाण्यात उभं राहून वाकळ तुडवायची. पायाला गाळ लागायचा, मऊ आणि गार. मी तिथं जाऊन उभी राहिले. वाफ मानेपर्यंत आली आणि उतरली. वर चढलीच नाही. वर्षात पहिल्यांदा काहीतरी माझ्या सांगण्यावरून उतरलं होतं. मला रडू आलं. कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून मी आनंदानं रडले, हे आठवलं की आजही अंगावर शहारा येतो.

म्हणून मी मॅडमना विचारलं. मला पण समोर बसवून एकदा नीट शिकवा, म्हटलं. त्या खूश झाल्या. मी कुठल्या वाडीतली, हे तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं. बौद्धवाडीतली, मी सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. असलं अच्छा मला लहानपणापासून ओळखू येतं. मग म्हणाल्या, रविवारी सगळ्यांसमोरच करू, यांनाही बघायला मिळेल. मला वाटलं, डॉक्टर नाही का शिकाऊ पोरांसमोर पेशंट तपासत, तसं असेल. मी रविवारी न्हाले, डोक्याला तेल लावलं, घट्ट अंबाडा घातला आणि निळं लुगडं नेसून गेले.

अंबाड्याचं सांगायला पाहिजे. आमच्या घरात बाई चार माणसांत केस मोकळे सोडत नाही. रीतच आहे ती, आणि ती आजीनं घातलेली आहे. माझ्या आजीच्या डोक्यात जट होती. देवीची म्हणून ठेवायला लावलेली. जत्रेत तिला गावच्या चौकात घुमवायचे. हलगी वाजायची, केस मोकळे, कपाळभर मळवट, आणि ओट्यावर बसलेली माणसं बघायची, हसायची, पुढच्या सालाचं पीकपाणी विचारायची. मग वरून टाकलेलं काहीतरी तिनं पदरात झेलायचं. शिवायचं नाही, टाकायचं. आमची माणसं बौद्ध झाली तेव्हा आजीनं स्वतःच्या हातानं विळ्यानं जट कापली आणि धरणाच्या पाण्यात सोडली. देव्हाराही सोडला. घरी येऊन उरलेले केस करकचून बांधले. आईला बांधायला शिकवले, आईनं मला. केस बांधून बस, हे आमच्याकडे पोरीला चालायच्या आधी शिकवतात.

त्या पाटावर मी ते केस सोडले.

का सोडले? बरं व्हायचं होतं म्हणून. मॅडम म्हणाल्या, पिना टोचतात, डोकं सैल पाहिजे. मला ते खरं वाटलं. कुंकू आलं तेव्हाच उठायला हवं होतं. पण मला झोप हवी होती. एक रात्र तरी सलग झोप. तेवढ्यासाठी माणूस किती खाली बसतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मॅडमनी सुरुवात केली. आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. मी पाण्याकडे गेले. वाकळ पायाखाली. हात जड झाले, खांदे उतरले. गारवा पोटऱ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत आला. मी सुखात होते.

आता, संमोहनात माणूस झोपत नाही. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. हेच मॅडम शिबिरभर शिकवत होत्या. खुर्च्यांतल्या प्रत्येकीनं ते ऐकलं होतं, स्वतः अनुभवलं होतं. पण मी डोळे मिटल्यावर त्यांना वाटलं, ही गेली. त्यांचं संमोहन वेगळं आणि माझं वेगळं. त्या जाग्या राहतात आणि मी झपाटली जाते.

"या लोकांना पटकन लागतं," डावीकडची एक म्हणाली. "विचार करायची सवय नसते ना."

दुसरी हसली. कुणीतरी घंटी हलवली, देवघरातली असते तसली. एकजण मोबाईल धरलेलीला म्हणाली, नीट घे, केसांसकट घे. आणि मॅडमनी, त्याच मऊ आवाजात, ज्या आवाजानं मला गार पाण्यात नेलं होतं त्याच आवाजात, मला घुमायला सांगितलं. देवी आली असेल तर तिला बोलू द्या, म्हणाल्या.

मला किळस आली. राग नंतर आला. आधी किळस, नासलेलं दूध तोंडात गेल्यावर येते तशी. त्या आवाजाची, त्या घंटीची, कपाळावर सुकत चाललेल्या त्या बोटांच्या ओरखड्यांची. मी अजून पाण्यातच उभी होते. आणि ते पाणी मला परकं नव्हतं. आजीची जट त्याच्याच तळाशी आहे. ह्या बायकांनी तिथूनच ती काढून माझ्या डोक्यावर ठेवायला आणली होती.

मी डोळे उघडले.

"माज्या अंगात कुणी येत न्हाई," मी म्हणाले. "हितं मीच ऱ्हाते."

घंटी थांबली. मॅडम हसल्या. हा फक्त प्रयोग आहे म्हणाल्या, मन मोकळं होतं, रागवायचं नाही, परत डोळे मिटा म्हणजे आपण पुन्हा घेऊ. पुन्हा घेऊ. जत्रेत आजी थकून बसली की तिलाही पुन्हा उठवायचे.

मी उठले. सगळ्यांसमोर केस पिळून अंबाडा घातला. वाळ्याच्या पाण्याची घागर शेजारीच होती, पाहुण्यांसाठी भरलेली. मी सकाळी भरलेली. ती उचलली आणि कपाळावर ओतली. लाल पाणी निळ्या लुगड्यावरून हिरवळीवर गेलं. एकीनं पाय वर घेतले.

"मोबाईलमधलं पुसा," मी म्हणाले. "माज्यासमोर."

मग एक म्हणाली, अहो आम्ही फक्त आमच्या ग्रुपवर टाकणार होतो. दुसरी म्हणाली, यात वाईट काय आहे, ही तर आपली संस्कृती आहे. आपली. तेव्हा मी तिथं उभीच राहिले. कुठं जायचं नाही असं ठरवून उभी राहिले. आणि नेमकी तेव्हा वाफ आली.

आली ती चांगलीच आली. छातीतून उठली, गळ्यावर चढली, चेहरा पेटला. घाम हनुवटीवरून टपटपायला लागला. मागे जा, पाहुण्यांसमोर नको, हे पाय आपोआप ऐकतात, इतकी सवय झालेली. मी पाय रोवले. पुसलाही नाही. एकीला तरी लाज वाटली असेल, तिनं गार रुमाल पुढं केला. मी घेतला नाही. डोळे उघडे ठेवून, त्यांच्याकडे बघत, मी आतल्या आत पाण्यात उतरले. ह्या खेपेला आवाज माझाच होता. गाळ. गारवा. गुडघे. वाफ मानेपर्यंत आली आणि थांबली. त्या बघत होत्या. शिबिरात जे शिकायला आल्या होत्या ते समोर घडत होतं आणि एकीलाही कळलं नाही.

मग त्यांनी पुसलं. एकेकीनं पडदा माझ्याकडे करून पुसलं. शेवटी मॅडमनी.

मी छपरीकडे चपला घालायला गेले, तर मॅडम मागून आल्या. मला वाटलं, आता माफी मागतील.

"मावशी," त्या म्हणाल्या, "आणि भाकऱ्या?"

परातीत पीठ मळून तयार होतं. चूल पेटलेली होती. मी दोन्ही तशीच सोडली आणि भोरच्या रस्त्याला लागले.

आता मी भोरला एसटी स्टँडजवळच्या खानावळीत आहे. तिथंही जाळ आहे, तिथंही घाम येतो. मालकीणबाई ओरडते, पण सगळ्यांवर सारखीच ओरडते. वाफा गेलेल्या नाहीत, कमी झाल्यात. झोप येते, बरीचशी. संमोहन खोटं नाही, हे मी त्या बाईचा इतका तिटकारा असूनही सांगते. जे कामाचं आहे ते मी सोडणार नाही. माझी गार जागा तिनं मला दिलेली नाही, ती माझ्या पायांना आधीपासून ठाऊक होती. आमच्या पणज्याची जमीन त्या पाण्याखाली आहे.

जावेला शिकवलं. ती आधी लाजली, मग बसली. आता वाडीतल्या आणखी दोघी येतात. दुपारी, समाजमंदिराच्या मागच्या सावलीत. माझी एकच अट असते, आणि ती मी बसायच्या आधी सांगते. केस बांधून बसायचं. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, ते तुझं तू ठरव. पण तुझ्या अंगात तूच राहायचंस, दुसऱ्या कुणाला जागा द्यायची नाही.

मध्ये मॅडमचा निरोप आला होता. झालं गेलं विसरा, नवीन शिबिर आहे, पाहुण्या तुमच्या हातच्या भाकरीची आठवण काढतात. मी उत्तर दिलं नाही. ती पाच बोटं मला अजून कपाळावर लागतात, कधी तोंड धुताना, कधी कुंकवाचा नुसता वास आला तरी. मला ती विसरायची नाहीत. विसरले तर पुन्हा पाटावर बसेन.

माझ्या कपाळाला हात लावायचा असेल, तर आधी मला विचारावं लागेल. आणि विचारलं, तरी मी नाहीच म्हणणार आहे.